स्कूटर घरात आली, हेल्मेट कधी येणार?

पवन मावळात, तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला वसलेल्या तिकोणा पेठेत आज ज्या घरापुढे दुचाकी उभी नाही असे घर शोधावे लागते. एके काळी एखाद्या गुरुजींकडे किंवा ग्रामसेवकाकडेच स्कूटर असे आणि ती गावात शिरली की पोरे मागे धावत. ती स्कूटर तयार व्हायची आकुर्डीला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पण घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आता तसे राहिले नाही. हप्त्यावर गाडी मिळते, जुनी तर त्याहून स्वस्तात मिळते. बजाजने २००९ साली जुनी स्कूटर बनवणेच बंद केले आणि पुढे तेच चेतक नाव विजेच्या गाडीला दिले.

ही गाडी आपल्या माणसांनी चैनीसाठी घेतलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पेठेतून कामशेतला रेल्वे गाठायची, तळेगाव-उर्से-चाकणच्या कंपनीत पहिली पाळी धरायची, पवना धरणाच्या काठच्या हॉटेलात रात्री अकरापर्यंत भांडी घासून घरी परतायचे, तर एस. टी. त्या वेळेला नसते. मुलीला बारावीनंतर कॉलेजला पाठवायचे तर स्कूटर लागते. आशाताईला वाड्या-वस्त्यांवर फिरायचे तर स्कूटर लागते. ज्या मुलीच्या आईने आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन हाच रस्ता तुडवला, ती मुलगी आज गाडीची चावी बोटात फिरवत निघते, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद होतो. म्हणूनच त्या मुलीच्या डोक्यावर ओढणीखेरीज काही नाही हे पाहून जीव खाली-वर होतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची माणसे ७४ हजार ८९७. मृतांपैकी ५० हजार २९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांतले १४ हजार ३३७ मागे बसलेले होते. आम्ही कारकून माणसे, आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. हेल्मेट न घातलेले रोज सरासरी १३७ जण होतात. म्हणजे आमच्या अंदाजाने कामशेतहून सुटणाऱ्या एखाद्या भरलेल्या एस. टी.त बसतील त्याच्या दुप्पट माणसे, आणि तीही रोज.

रस्ता आणि लहान चाक

कामशेतहून करुंज-बेडसे मागे टाकून पवनानगर, ज्याला जुनी माणसे अजून काळे कॉलनीच म्हणतात, आणि तिथून तिकोणा पेठ. पलीकडे जवण, कोळवणवरून पौडकडे जाणारा रस्ता. दोन्ही रस्ते डोळ्यांना फार छान. पण या रस्त्यांचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो आणि जो रोज जातो तोच निर्धास्त होऊन फसतो.

मृगाच्या पहिल्या सरीला सगळ्यांत जास्त जपावे. उन्हाळाभर डांबरावर साठलेले तेल, धूळ आणि टायरची भुकटी पहिल्या पावसाने ओली होते आणि तिचा साबण होतो. धो-धो पाऊस लागला की ती धुऊन जाते, पण त्या पहिल्या अर्ध्या तासात ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. मग येते आवणी. भातखाचरात चिखलणी करून ट्रॅक्टर लोखंडी चाकांनिशी तसाच डांबरी रस्त्यावर येतो आणि फर्लांगभर चिखलाचे थर टाकत जातो. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्यालाही घाई असते. तरी चढावर आणि वळणावर पडलेला चिखल फावड्याने बाजूला ओढून टाकला तर एखाद्या घरचा माणूस वाचेल. दिवाळीनंतर पेंढ्याचे भारे वाहणाऱ्या गाड्या सुरू होतात. त्यांचा पेंढा दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला असतो की मागचा लाल दिवा झाकून जातो. संध्याकाळी म्हशी घराकडे परततात, त्यांना ना दिवा ना हॉर्न. थंडीत धरणाच्या बाजूने धुके चढते. आणि बारा महिने शनिवार-रविवार शहरातल्या मोटारी येतात. त्यांतल्या कित्येकांना वळणावर समोरून माणूस येऊ शकतो हे ठाऊकच नसते, आणि रात्री परतणाऱ्यांतले काही शुद्धीत नसतात. ३१ डिसेंबरच्या रात्री तर आपले काम संपले तरी थोडे थांबून निघावे, असे आम्ही हॉटेलात काम करणाऱ्या पोरांना सांगतो.

स्कूटरची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती मोटारसायकलवाल्याला कळत नाही. मोटारसायकलचे चाक सतरा-अठरा इंचांचे, स्कूटरचे दहा किंवा बारा इंचांचे. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून ओलांडून जाते, त्यात लहान चाक उतरते आणि अडकते. हँडलला हिसका बसतो आणि स्वार पुढे फेकला जातो. पावसात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते वरून दिसत नाही. म्हणून डबक्यातून गाडी घालू नये. घालावीच लागली तर वेग आधी कमी करावा, खड्ड्यात ब्रेक दाबू नये.

ब्रेकचेही असेच. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सी. सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना एक दांडी दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागेल अशी व्यवस्था सक्तीची झाली आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक घसरू न देणारी यंत्रणा. पण आपल्या वस्तीत धावणाऱ्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या. त्यांना ही सोय नसते. वळणावर खडी पसरलेली असताना घाबरून नुसता पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक सरकते आणि कोणी काही करायच्या आत माणूस जमिनीवर असतो. टायरची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर कोणताच ब्रेक उपयोगाचा नाही. टायर बदलायला पैसे नाहीत म्हणून दोन महिने काढू, असे म्हणणारे ते दोन महिने नेमके पावसाळ्याचे काढतात!

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. साइड स्टँड वर न घेता निघालेली गाडी डाव्या वळणावर स्टँड टेकून उलटते. यासाठी एक पैसाही खर्च नाही. निघताना डावा पाय एकदा मागे सरकवून पाहायचा, इतकेच.

डोके कसे वाचते

हेल्मेटबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले निम्मे पोलिसांबद्दल असते. हेल्मेट पावती वाचवण्यासाठी घालायचे, ही समजूत इतकी मुरली आहे की नाका दिसला की घालायचे आणि नाका गेला की हँडलला लटकवायचे. वास्तविक दुचाकीवाल्यांसाठी हेल्मेट सक्तीचे होण्यामागे पोलीस नव्हते, एक डॉक्टर होता.

१९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा गाजलेला लष्करी माणूस मोटारसायकलवरून जात होता. सायकलवरच्या दोन पोरांना वाचवायला त्याने गाडी वळवली, तो फेकला गेला आणि डोक्याला मार लागून सहा दिवसांनी मेला. त्याला तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे महायुद्ध लागल्यावर लष्कराचे निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार शत्रूच्या गोळीने नव्हे तर रस्त्यावर पडून मरताना केर्न्स यांनी पाहिले. त्यांनी नोंदी ठेवल्या, हेल्मेट घातलेल्यांच्या जखमा आणि न घातलेल्यांच्या जखमा ताडून पाहिल्या आणि १९४१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांना मात्र तिकडेही ते १९७३ पर्यंत सक्तीचे नव्हते. तेव्हा कुरकुर करणारे केवळ आपण पुणे जिल्ह्यातलेच, असे समजायचे कारण नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब पुढे तज्ज्ञांनी मांडला. हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले.

आता ते डोके वाचवते कसे? ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नाही, पेठेतली आजीसुद्धा त्या वेगाला नाक मुरडील. पण त्या वेगाने डोके सरळ कशावर आदळले तर तो आघात सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून डोक्यावर पडण्याइतका असतो. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण मुलाला बसवत नाही. गाडीच्या टाकीवर किंवा पायाजवळ मात्र उभे करतो. हेल्मेटचे वरचे कवच कठीण असते, ते आघात पसरवते. खरे काम करतो तो आतला, थर्माकोलसारखा दिसणारा जाड थर. तो चेपला जातो, आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला थोडा वेळ मिळतो. तो थोडासा वेळ म्हणजेच जीव. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतला थर एकदा चेपला की संपला. आणि ज्या हेल्मेटात हा थरच नाही, नुसती प्लॅस्टिकची टोपी आणि आत पातळ स्पंज, ते डोक्यावर पातेले घातल्यासारखे आहे.

कामशेतपासून तळेगावपर्यंत जुन्या महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटे कोणी पाहिली नाहीत? आम्ही एकदा मुद्दाम थांबून विचारले. विक्रेता मोकळेपणाने म्हणाला, "साहेब, पावती नको ना फाटायला? मग हे घ्या, दोनशेला. चांगलं पाहिजे असेल तर दुकानात जा." माणूस प्रामाणिक होता, पण त्याचा माल विकायचाच नव्हता. १ जून २०२१ पासून आय. एस. आय. चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. चिन्ह मागच्या बाजूला असते. त्याच्या वर आय. एस. ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सी. एम./एल. या अक्षरांपुढे परवाना क्रमांक हवा. नुसता छापलेला स्टिकर कोणीही चिकटवतो, म्हणून मोबाइलवर बी. आय. एस. केअर हे सरकारी ॲप उघडून तो क्रमांक घालून पाहावा. कारखान्याचे नाव येते. बांधकामावरची पिवळी टोपी आणि क्रिकेटचे हेल्मेट रस्त्यावर चालत नाही.

घेताना घालून पाहावे. आरशापुढे डोके जोरात हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्याभोवती फिरता कामा नये. गालाला थोडे घट्टच बसावे, आतले अस्तर महिन्याभरात सैल होते. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर आत दोन बोटे जातील, तिसरे जाणार नाही, इतका आवळावा. पट्टा न लावलेले हेल्मेट अपघातात माणसाच्या आधी रस्त्यावर पोहोचते. शक्य असेल तर हनुवटी झाकणारे घ्यावे, कारण पडताना तोंडही आपटते. रात्रपाळीच्या माणसाने काळी काच घेऊ नये, आणि काचेवर ओरखडे फार झाले की ती बदलावी. समोरच्या मोटारीचा दिवा त्या ओरखड्यांवर पसरतो आणि रस्ता दिसेनासा होतो. हेल्मेट रंगवू नये, पेट्रोलने पुसू नये, कवच कमजोर होते. अस्तराला घामाचा वास येतो ही तक्रार खरी आहे. आत सुती टोपी किंवा रुमाल बांधावा, अस्तर सुटे असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

किंमत जास्त आहे, असे म्हणणाऱ्यांना आमचा हिशेब. चांगले हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळते. चार वर्षे टिकले असे धरले तर महिन्याला एकवीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. टपरीवर दोन कटिंगचे बिल तेवढे होते. आणि नवी दुचाकी घेताना मानकाप्रमाणे हेल्मेट गाडीबरोबर द्यावे असा केंद्राच्या मोटार वाहन नियमांतच दंडक आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. गाडी घेताना ते मागून घ्या. गप्प बसलात तर कोणी आठवण करून देणार नाही.

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटची जोरदार अंमलबजावणी सुरू केली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. मान दुखते, मागचे ऐकू येत नाही, केस गळतात, अशी कारणे पुढे आली. रस्ते आधी सुधारा, असेही म्हटले गेले. शेवटचा मुद्दा आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. खड्डा बुजवणे हे सरकारचे काम आहे आणि एस. टी.ची फेरी वाढवणे हेही. संध्याकाळची एक गाडी पेठेपर्यंत वेळेवर आली तर कितीतरी गाड्या घरीच राहतील. त्यासाठी निवेदने द्यायची, पाठपुरावा करायचा, ते आपण करतोच. पण खड्डा बुजेपर्यंत डोके उघडे ठेवायचे, हा कसला सत्याग्रह?

मागची सीट, पदर आणि बाळ

पवनानगरच्या बाजारात एका मावशींना आम्ही विचारले, "मावशी, पोरानं घातलंय, तुम्ही का नाही घातलं?" त्या म्हणाल्या, "आम्ही मागंच बसतो दादा, आम्हाला कशाला टोपडं?" हसण्यावारी गेले, पण वर दिलेले १४ हजार ३३७ मागेच बसलेले होते. मागे बसणाऱ्याला हँडल नसते, पुढचा खड्डा दिसत नाही, आणि बाईमाणूस एका बाजूला पाय करून बसलेले असते. गचका बसला की पहिले तेच पडते. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला, पुढे असो की मागे, हेल्मेट बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कारवाईचे आदेश काढले. गजरा किंवा आंबाडा असला की हेल्मेट नीट बसत नाही हे खरे, म्हणून प्रवासापुरती मानेजवळ सैल वेणी घालावी.

पदराचे आणि ओढणीचे अपघात डोक्याच्या अपघाताइतकेच भयंकर असतात आणि त्यांची चर्चाच होत नाही. चाकात अडकलेली ओढणी क्षणात गळा आवळते. ओढणी पुढून घेऊन पाठीमागे गाठ मारलेली किंवा जॅकेटच्या आत खोचलेली असावी. पदर कमरेला खोचावा. दुचाकीच्या मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतके झाकणारे कवच, मागच्या माणसाला धरायला दांडी आणि पाय ठेवायला पायदान असलेच पाहिजे, असे मोटार वाहन नियमांतले १२३ क्रमांकाचे कलम सांगते. आपल्या पोरांना मात्र साडीगार्ड काढून टाकली की गाडी झोकदार दिसते असे वाटते. त्याच गाडीवर आईला बसवतात. आणि पावसात मागे बसून छत्री उघडणाऱ्यांना काय सांगावे? वाऱ्याचा झोत आला की छत्री चालवणाऱ्यालाच मागे ओढते.

बाळाला कडेवर घेऊन मागे बसायची आपली रीत आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो वर्षाने अमलात आला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा, तीस किलो वजन पेलणारा पट्टा लावायचा, त्याच्या मापाचे हेल्मेट घालायचे आणि गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नाही. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या मानेत हेल्मेटचे वजन पेलण्याची ताकद नसते. त्याला लसीला न्यायचे तर रिक्षा किंवा एस. टी. बरी. नवरा, बायको आणि दोन मुले एकाच स्कूटरवर लग्नाला निघालेली दिसतात तेव्हा त्यांना रागावण्याचा धीर आम्हाला होत नाही. चार तिकिटांचे पैसे आम्हालाही कळतात. तरी कायद्याने मागे एकच माणूस बसू शकतो, आणि चौघांच्या वजनाने ब्रेक उशिरा लागतो.

बाकीच्या सामानाचे थोडक्यात सांगतो. पडणारा माणूस आपोआप हात पुढे करतो, म्हणून तळहात सोलतात आणि मनगट मोडते. जाड हातमोजे हातावर पोट असणाऱ्याला फार उपयोगी. चपलेने घोटा आणि टाच उघडी राहते, कंपनीत मिळालेले सेफ्टी बूट घालूनच घरून निघावे. अंगरख्यासारखा फडफडणारा रेनकोट चाकात आणि पायदानात अडकतो, पँट-शर्ट असे दोन तुकड्यांचे घ्यावे आणि शक्यतो पिवळे किंवा नारिंगी घ्यावे, काळे नाही. चमकणारी पट्टी काही रुपयांना मीटरने मिळते. ती हेल्मेटच्या मागे, डिकीवर, दुधाच्या कॅनवर आणि पेंढ्याच्या गाडीच्या मागेही लावावी. संक्रांतीच्या आधी-नंतर गळ्याभोवती जाड मफलर किंवा कॉलर हवीच. नायलॉनच्या आणि काचेच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी २०१८ साली पुणे-पिंपरी परिसरात दुचाकीवरून जाणाऱ्या दोन स्त्रियांचे गळे मांजाने चिरून प्राण गेले.

शिकलेला हात

२३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला बाबासाहेबांना अपघात झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. अस्पृश्याला घेऊन तांगा हाकायला तांगेवाले तयार होईनात. मग समाजबांधवांनी तांगा भाड्याने घेतला आणि ज्याला हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्यातल्याच एकाच्या हाती लगाम दिला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. माणसांचा स्वाभिमान मोठा होता, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज आपल्यापुढे मार्ग आहे. शिकाऊ परवाना मिळतो, पक्का परवाना मिळतो. तरीही नववीतला पोरगा बापाची गाडी घेऊन पिठाच्या गिरणीवर जातो आणि बाप कौतुकाने पाहतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सी. सी.च्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचा. आज घरोघरी असलेली ११० सी. सी.ची स्कूटर त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे.

१४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीबद्दलही बोलले पाहिजे. निळे फेटे बांधून, झेंडा धरलेला तिसरा गडी मागे उभा करून, हॉर्न वाजवत गाड्या निघतात. उत्साह आम्हालाही आवडतो. पण निळे हेल्मेट बाजारात मिळते. मंडळांनी फेट्यांच्या वर्गणीतून दरवर्षी दहा-वीस हेल्मेटे घेतली तरी पाच वर्षांत वस्तीचा प्रश्न मिटेल. झेंड्याची काठी गाडीला पक्की बांधावी, उभे कोणी राहू नये. २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहाराकडे जाणाऱ्या बंधू-भगिनींनाही हीच विनंती. जुन्या महामार्गावर त्या दिवशी जड वाहनांचीही गर्दी असते.

अपघात झाल्यावर

इतके करूनही अपघात होतोच. जखमीला दोघांच्या मध्ये दुचाकीवर बसवून दवाखान्यात नेण्याची जी पद्धत आहे ती थांबवावी. मान किंवा पाठीचा मणका दुखावला असेल तर त्या हालचालीने माणूस जन्माचा अधू होतो. १०८ किंवा ११२ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, पाणी पाजू नये, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे. मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीसाठी जबरदस्ती करू शकत नाहीत, नाव सांगण्याचीही सक्ती नाही; मोटार वाहन कायद्यातले १३४-अ कलम त्याचे रक्षण करते. पडून उठलेला माणूस "काही झाले नाही" म्हणतो, चहा पितो आणि रात्री उलट्या करू लागतो किंवा उठतच नाही. डोक्याला मार लागला असेल तर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, बोबडे बोलणे यांतले काहीही दिसले की तत्काळ सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे.

पैशाअभावी उपचार अडू नयेत म्हणून मे २०२५ मध्ये केंद्राने योजना काढली आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्यासाठी पोलिसांकडे अपघाताची नोंद व्हायला हवी, म्हणून "आपसात मिटवू" म्हणणाऱ्याचे ऐकू नये. धडक देणारी गाडी पळून गेली तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करावा लागतो. कामगार विम्याखालील कामगाराचा कामावर जाता-येता झालेला अपघात हा कामावरचाच धरण्याची तरतूद २०१० साली आली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. कंत्राटी कामगारांनी आपले नाव विम्यात चढवले आहे का, हे आजच विचारून घ्यावे.

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. तो मिळतो कागदावरच्या मालकाला, आणि तोही परवाना असेल तर. गाडी तिसऱ्या हाताने घेतली, पैसे दिले, पण कागदावर अजून पहिल्याच मालकाचे नाव, अशा गाड्या पेठेत आणि आसपासच्या वाड्यांत किती आहेत ते ज्याचे त्याला माहीत. अशा माणसाच्या पश्चात त्याच्या बायकोच्या हाती त्या कागदाने काहीच पडत नाही. आर. टी. ओ.त नाव बदलून घ्या, विम्याची तारीख पाहून घ्या. परवाना आणि विम्याची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवा. आणि एका चिठ्ठीवर रक्तगट व घरच्या दोघांचे फोन नंबर लिहून ती हेल्मेटच्या अस्तरात खोचून ठेवा.